धोंड्याच्या महिन्यातले बेडूक

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पंचांग लटकतं, आणि त्यावरून बाबांचा नि माझा महिन्यातून एकदा तरी खटका उडतो. बाबा म्हणजे गिरणीतून रिटायर झालेले बळीराम खोब्रागडे. छप्पन साली त्यांनी मला, दीड वर्षाच्या पोरीला, खांद्यावर घेऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर जुनं पंचांग चुलीत घातलं. त्यानंतर तीस वर्षं नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या घरात तिथी-मुहूर्त काही म्हणून शिरलं नाही. आणि आता मीच ते विकत आणून खिळ्याला टांगलं.

"शामले, हे काहून लटकवलं वं?" बाबा विचारतात.

"बेडकांसाठी," मी म्हणते.

ते कपाळावर हात मारून घेतात. पोरीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटतं. वाटू दे. डोकं फिरायला कारणही तसंच घडलं होतं, ते सांगते.

एकोणऐंशीच्या जुलैत मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. गाईड डॉ. महादेवराव ठोंबरे, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख. विषय बेडकाच्या अंड्याचा. अंडं म्हणजे एकच पेशी, आणि तिच्या आत केंद्रक नावाची पिशवी. सगळी जनुकं त्या पिशवीत कोंडलेली. मग पेशीचं चालायचं कसं? म्हणून पिशवीच्या कातडीला दारं असतात, बेडकाच्या अंड्यात तर कोटींनी. नुसती भोकं नव्हेत ती. प्रत्येकाला आठ तुकड्यांचं कडं, आणि कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला नाही, याचे ठरलेले नियम. जनुकावरून उतरवून घेतलेला निरोप, ज्याला आम्ही आरएनए म्हणतो, तो या दारातून बाहेर पडला तरच त्याचं काहीतरी बनतं. आत कितीही लिहा, दार ओलांडलं नाही तर सगळं फुकट. शिवाय दार मोठं चोखंदळ. अर्धवट निरोप सोडत नाही. छाटून, नीट करून आणला तर ठीक, नाहीतर तो आतच नाहीसा होतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या विभागाचं दार याच्याही वरचढ निघालं. तिथून नीट केलेलं कामसुद्धा सुटत नव्हतं.

ठोंबरे सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "खोब्रागडे, अजून एक सीझन करू या." बोलायला काय जातं! बेडकाची अंडी वाढतात ती फक्त पावसाळ्यात. एक सीझन म्हणजे आयुष्यातलं एक अख्खं वर्ष. असे सहा सीझन मी केले. अंड्याचा पातळ काप काढायचं यंत्र विभागात एकच, आणि तो काप मलाच जमायचा. काप इतका बारीक की पंख्याच्या वाऱ्यानं उडून जातो. म्हणून खोलीला पंखा नाही, खिडक्या पट्ट्या चिकटवून बंद, दाराला पडदा. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत बसून बघा एकदा. घाम नाकावरून ओघळायचा आणि तो पुसायला हात उचलावा तर काप बिघडायचा. काप मुंबईच्या एका संस्थेत पाठवायचे, तिथे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो निघायचे, ते पाच-सहा महिन्यांनी परत यायचे. मग मी बसून फोटोतली दारं मोजायची. सत्तावन्न हजार दारं मोजली मी. मैत्रिणींची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली, आणि मी आपली त्या खोलीत दारं मोजून राहिले! सर मला का सोडत नव्हते हे विभागातली पाल पण सांगू शकली असती. मी गेले असते तर काप कोणी काढले असते?

बाहेर पडायचा रस्ता नव्हता असं नाही. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं मला जागा देऊ केली होती. अट एकच. जूनच्या आत प्रबंध दाखल केल्याची पावती पाहिजे. आणि विद्यापीठाचा नियम असा की माझी नोंदणी एकतीस मार्च सत्त्याऐंशीला संपत होती. त्या दिवसापर्यंत गाईडच्या सहीसकट प्रबंध खिडकीवर पोचला नाही, तर आठ वर्षं पाण्यात.

सरांनी सही द्यायचं कबूल केलं ते पाचव्या प्रकरणामुळे. हे पाचवं प्रकरण नीट समजून घ्या, सगळा घोळ तिथेच आहे.

पंच्याऐंशीच्या जुलैत मला कावीळ झाली. अडीच महिने मी घरी खाटेवर, आई अंजनाबाई उसाचा रस पाजून राहिली, आणि इकडे सीझन चालू. सीझन चुकला तर वर्ष गेलं. म्हणून विभागातले अटेंडंट देवाजीभाऊ यांच्यावर मी काम सोपवलं. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ, हात मात्र सर्जनसारखा. रामटेककडचा बेडकंवाला दर आठवड्याला बेडकं आणायचा. देवाजीभाऊंनी बेडूक मारायचा, अंडाशय काढून औषधाच्या बाटलीत टाकायचं आणि चिठ्ठी लावायची, एवढंच काम.

सप्टेंबरच्या मध्याला मी परत आले तर सात बाटल्या तयार. तीन आषाढाच्या, चार श्रावणाच्या. हो, चिठ्ठ्यांवर तिथ्या! "श्रावण शुद्ध नवमी" असं सुवाच्य अक्षरात. मी डाफरले. "देवाजीभाऊ, तारीख लिहायला काय झालं होतं?"

"बाई, तारीख विसरते. तिथी नाही विसरत," ते म्हणाले.

"आणि बाटल्या कमी काहून? एक महिना अख्खा रिकामा दिसते."

"एक महिना नाही जमलं बाई," ते म्हणाले आणि फरशी पुसायला लागले. म्हातारा माणूस, दमला असेल असं समजून मी सोडून दिलं.

तिथ्यांच्या तारखा मीच काढल्या. शेजारणीला विचारलं आषाढ कधी संपला. ती म्हणाली सतरा जुलैला. म्हणजे अठरा जुलैपासून श्रावण. त्यात विचारण्यासारखं काय होतं? आषाढानंतर श्रावण येतो हे शाळेतल्या पोरालाही येतं. त्या हिशोबानं श्रावण शुद्ध नवमी आली सव्वीस जुलैला, आणि रिकामा महिना शेवटचा, माझ्या येण्याआधीचा. तसा तक्ता केला.

सहा महिन्यांनी मुंबईहून फोटो आले आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. नवमीच्या बाटलीत दारांची संख्या एकदम दुप्पट झाली होती. शेजारच्या जीवरसायन विभागात त्याच मोसमातल्या बेडकांचा आरएनए मोजत होते, रोजच्या रोज, तारखेनिशी. तिथे निरोप वाढले ते पंधरा ऑगस्टनंतर. म्हणजे दारं वाढली जुलैत, निरोप वाढले ऑगस्टात. दारं आधी! आजवर सगळे समजत होते की जनुक जागं होतं, निरोप लिहिते, आणि दार बिचारं वाट देते. इथे उलटं दिसत होतं. आधी दार तयार होते आणि मग जनुकाला जाग येते, म्हणजे कोणतं जनुक बोलणार हे दारच ठरवते.

सर आधी हसले. "भोक ते भोक, खोब्रागडे. भोक काय ठरवणार?" आणि मग एक दिवस जहाजानं येणारं परदेशी नियतकालिक उशिरा का होईना लायब्ररीत पोचलं. त्यात एका मोठ्या शास्त्रज्ञानं तर्क मांडला होता की ही दारं कदाचित जनुकांवर सत्ता चालवत असतील. झालं! सर एका दुपारीत दारवाले झाले. माझ्या पाचव्या प्रकरणावरून त्यांनी निबंध लिहिला, परदेशातल्या परिषदेला पाठवला, तिथून जूनचं बोलावणं आलं. आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते वाक्य आलं नाही. "टाइप करून घ्या," म्हणाले. मी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले, आनंदानं.

प्रबंधाच्या पाच प्रती बांधून आल्या. काळं कापड, सोनेरी अक्षरं. आत पहिल्याच पानावर गाईडचा दाखला, त्यावर सरांची सही तीस मार्चला मिळणार होती. त्याच्या मागच्या पानावर उमेदवाराचं निवेदन असतं. ही निरीक्षणं माझी आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत, असं दोन ओळींचं. त्या पानाकडे कोणी पाहतही नाही. लोक खिडकीवर उभं राहून सही ठोकतात.

देवाजीभाऊ पण त्याच एकतीस मार्चला रिटायर होत होते. एकोणतीसला रविवार होता, त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांची बायको तुळसाबाई मोठी बोलकी. पाटोडी-रस्सा केला होता, झणझणीत, नाकातून पाणी. मी म्हटलं, "मावशी, देवाजीभाऊंचे उपकार फिटणार नाहीत. माझा अख्खा सीझन वाचवला त्यांनी."

"उपकार कायचे वं," तुळसाबाई म्हणाल्या. "पण पाप लय झालं यायच्या हातानं. तीस वर्षं रोज बेडकं मारले. मीच म्हटलं मग, निदान धोंड्याचा महिना तरी पाळा. तुम्ही बिमार होत्या न, तवाचा. श्रावणच अधिक आला होता. आमचे जावई आले होते, वाण दिलं. अन् यायनं महिनाभर एक बेडूक मारला नाही. आणले तितके फुटाळा तलावात नेऊन सोडले."

माझा घास तोंडातच राहिला.

"तुळसा, पाणी आण," देवाजीभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. तुळसाबाई आत गेल्या.

"देवाजीभाऊ," मी हळूच विचारलं, "त्या साली श्रावण दोन होते?"

"हो बाई. आधी अधिक, मग खरा. अधिकातलं काहीच नाही ठेवलं मी. खऱ्या श्रावणातल्या चार बाटल्या आहेत." त्यांनी हात जोडले. "तुम्हाले ठाऊक असन असं वाटलं मले. सगळ्याइले ठाऊक असते."

सगळ्यांना! अहो, ज्या घरातून तीस वर्षांपूर्वी पंचांग गेलं त्या घरच्या पोरीला धोंड्याचा महिना कुठून ठाऊक असणार? मी बोटं मोजली. खरा श्रावण लागला सतरा ऑगस्टला. नवमी आली पंचवीस ऑगस्टला. निरोप वाढले पंधरानंतर, दारं दुप्पट झालेली दिसली पंचवीसला. म्हणजे दारं आधी नव्हतीच! मधला सगळा महिना फुटाळ्यात पोहून राहिला होता. पाचवं प्रकरण साफ खोटं होतं, आणि ते लिहिणारी मी होते.

त्या दिवशी मी म्हाताऱ्यावर ओरडले. जेवणाच्या ताटावरून उठून ओरडले, आजही लाज वाटते. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाई, सरले सांगसान तर माही पेन्शन अडकवतीन." मी चप्पल घातली आणि निघाले.

तीस मार्चला सकाळी सरांच्या खोलीत गेले. रात्रभर ठरवलं होतं की देवाजीभाऊंचं नाव घ्यायचं नाही.

"सर, तारखा मी चुकवल्या," मी म्हटलं. "पंच्याऐंशीत अधिक श्रावण होता. तक्ता एक महिन्यानं सरकते. पाचवं प्रकरण टिकत नाही."

सरांनी चष्मा काढला. आधी हसलेच. "अधिक महिना माहीत नाही तुम्हाला? हां, तुमच्याकडे नसतं ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं गिळलं होतं, त्या दिवशी गिळवलं नाही. "आमच्याकडे नसते सर. तुमच्याकडे तर असते न? तुमच्या भिंतीवर पंचांग आहे, त्या महिन्यात तुमच्या जावयाला वाण दिलं म्हणून विभागात अनारसे वाटले होते म्हणे. आणि हा तक्ता तुम्ही तीनदा तपासला. तिन्ही वेळा खाली 'पाहिले' लिहिलं. 'श्रावण, सव्वीस जुलै' वाचताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

सर लाल झाले, मग हळूहळू नेहमीच्या रंगावर आले. त्यांनी पाचही प्रती पुढे ओढल्या, पेन उघडलं, आणि माझ्यादेखत एकामागून एक पाच सह्या केल्या. आठ वर्षांत ज्या सहीसाठी मी त्यांच्या दारात उभी होते ती सही त्यांनी पाच वेळा केली, टिपकागदानं टिपली, आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"परदेशात पंचांग कोणी पाहत नाही," ते शांतपणे म्हणाले. "प्रकरण काढलं तर सही परत घेईन. उद्या पाचपर्यंत खिडकी उघडी आहे. हैदराबादला जायचं आहे की अजून एक सीझन करायचा आहे, तुम्ही ठरवा."

बाहेर देवाजीभाऊ उभे होते. त्यांनी दारामागून सगळं ऐकलं होतं. "बाई, भरून टाका," ते कुजबुजले. "मंग दुरुस्त करता येते." मी त्यांच्याकडे पाहिलं. छापलेलं मग कोण दुरुस्त करतं? सर जूनमध्ये ते परिषदेत वाचणार, तिथून ते दुसऱ्याच्या निबंधात जाणार, तिथून तिसऱ्याच्या. आणि कुठेतरी माझ्यासारखी एखादी पोरगी बंद खोलीत घाम गाळत त्या खोट्या महिन्यावर आपली आठ वर्षं घालणार.

घरी मी काहीच बोलले नाही. आईनं हैदराबादसाठी शेवया आणि मिरचीचं लोणचं आतापासूनच बांधून ठेवलं होतं. बाबांनी सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आपलं आडनाव तेवढं ओळखलं. "खोब्रागडे," मोठ्यानं वाचलं, आणि शेजारच्यांना दाखवायला एक प्रत घेऊन गेले. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. मला जायचं होतं हो! त्या खोलीत परत बसायची कल्पनासुद्धा नको होती. मी काही संत नाही. मी रात्रभर स्वतःला सांगत होते, एक महिना, फक्त एक महिना इकडचा तिकडे झाला आहे, कोणाचं काय बिघडतं.

एकतीसला दुपारी तीन वाजता मी विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांगेत उभी होते. शेवटचा दिवस, रांग पायऱ्यांपर्यंत, डोक्यावर ऊन. पाच प्रतींनी हात भरून आले. चार वाजून वीस मिनिटांनी माझा नंबर लागला. खिडकीत गोपिका नावाच्या बाई होत्या, नावाची पाटी समोरच होती. त्यांनी पहिली प्रत उघडली, बोटानं खूण करत गेल्या.

"फीची पावती आहे. गाईडची सही आहे. विभागाचा शिक्का आहे." मग त्यांनी पान उलटलं आणि पेन माझ्याकडे केलं. "हे राहिलं की हो. तुमचीच सही राहिली."

मी पेन घेतलं. कागदावर दोन ओळी होत्या. माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत.

मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, करा न लवकर, पाच वाजून राहिले."

हात कागदावर टेकला. निबाखाली शाईचा ठिपका उमटला, पसरत गेला, 'खरी' या शब्दापर्यंत आला. आठ वर्षं मी ठोंबरे सरांच्या दारात बसून एका सहीसाठी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ती सही माझ्यासमोर होती, पाच-पाचदा. आता अडलं होतं ते फक्त माझ्यापाशी.

"काय झालं बाई?" गोपिकाबाईंनी विचारलं. "शेवटचा दिवस आहे आज. आज नाही भरलं तर गेलं सगळं, माहीत आहे न?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

मी पेनाला टोपण लावलं, त्यांना परत दिलं, पाचही प्रती छातीशी धरल्या आणि रांगेतून बाहेर आले.